गोळ्यांच्या दिवशीच तपासणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचं उपकेंद्र. हद्दीत तीस वर्षांवरच्या अकरा बायका अशा, की ज्यांना मानसिक आजाराच्या गोळ्या किंवा महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. दोन वर्षांत कॅन्सर तपासणीची तीन शिबिरं झाली, अकरांतली एकही आली नाही. घरचे म्हणतात, "ती डोक्याची पेशंट, तिले कसाले तपासणी?" एकीच्या छातीत गाठ आहे, असं तिच्या आईनं आशाताईला सांगितलंय, पण ती अंगाला हात लावू देत नाही. तुम्ही विचारता, घरच्यांच्या मदतीनं धरून तपासावं का? किंवा चहातून झोपेची गोळी देऊन?

नाही. दोन्हीही नाही. चहातून गोळी आपल्याकडे घरोघरी चालते, मला ठाऊक आहे. आई म्हणून, भाऊ म्हणून हतबल झालेली माणसं ते करतात. पण आरोग्य खात्याच्या माणसानं ते केलं आणि तिला एकदा ती चव कळली, तर पुढची दहा वर्षं ती तुमच्या उपकेंद्रातलं पाणीसुद्धा पिणार नाही, आणि मानसिक आजाराच्या गोळ्याही सोडेल. गाठीचं काय करायचं ते शेवटी सांगते. आधी बाकीच्या दहाजणींचं बोलू, कारण त्यांचं काम सोपं आहे आणि तेच राहून जातं.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं खान्देशात ओपीडी करते, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा भरणारी. कॅन्सर हा माझा विषय नव्हता. तो कसा झाला, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट, तुमच्या गावातल्या धडधाकट बायका तरी कुठे आल्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की गर्भाशयमुखाची तपासणी कधी एकदा तरी झाली आहे का? देशभरात शंभरात दोघीसुद्धा 'हो' म्हणाल्या नाहीत. स्तनाच्या तपासणीला तर शंभरात एकही भरत नाही. आणि २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण निघतात. तेव्हा तुमच्या अकराजणींना वेगळी शिक्षा झालेली नाही. सगळ्यांच्याच वाट्याला ओंजळभर पाणी येतंय, यांच्यापर्यंत तेही पोचत नाही.

का पोचत नाही, हे बघताना आपण लगेच तिच्या आजाराकडे बोट दाखवतो. मी एका शिबिरात दिवसभर टेबलाशी बसून पाहिलं होतं. आशाताईनं यादी केली, घरोघर निरोप दिला. एका घरी सासू, मोठी सून आणि धाकटी सून. सासूला आणि मोठीला निरोप मिळाला. धाकटी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, तिच्या डोक्यावरून निरोप गेला. तिचं नाव कुणी घेतलंच नाही. रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे 'नकार' असं लिहिलं गेलं. तुमच्या रजिस्टरमधले अकरा 'नकार' काढा आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीनं लिहा, हा शब्द नेमका कुणाच्या तोंडून आला होता. मला वाटतं, चार-पाचजणींच्या बाबतीत तुम्हाला आठवणारच नाही.

बाहेरच्या देशांतही हेच आहे. २०२० साली जगभरच्या ४७ अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली होती, त्यात ४७ लाखांवर माणसं होती. मानसिक आजार असलेल्यांमध्ये कॅन्सरची तपासणी होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण चौथाईनं कमी निघाली, आणि स्तनाच्या तपासणीत दरी आणखी मोठी. जिथे घरी पत्र येतं, मोफत मशीन आहे, तिथली ही गत. आपल्याकडे निरोप आशाताईच्या तोंडून आणि तोही ओट्यापर्यंत.

आजाराचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. पण तो कुठे आहे ते नीट बघायला हवं, म्हणजे इलाज सापडतो. स्किझोफ्रेनिया असलेली बाई 'जाते जाते' म्हणते आणि उठत नाही. तो आळस नव्हे, सुरुवात करण्याची कळच आजारानं ढिली केलेली असते. तिला कुणीतरी सोबत चाललं की ती निमूट येते. रात्रीच्या गोळ्यांनी दहापर्यंत डोळा उघडत नाही आणि आपलं शिबिर नऊला सुरू होऊन साडेअकराला आवरतं. काही गोळ्यांनी पायांत अशी चुळबुळ होते, की टेबलावर दोन मिनिटं पडून राहणं म्हणजे शिक्षा. नैराश्य असलेली म्हणते, "निघाली गाठ तर निघू दे माय, सुटी जासू" (सुटून जाईन). हे वाक्य कानावर आलं तर तपासणी बाजूला ठेवा आणि आधी तिच्याशी बसून बोला, मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. आणि संशयाचा आजार असलेल्या बाईला तुम्ही बॅनर, माईक, मोबाईल घेऊन उभे दिसलात, तर ती मागच्या दारानं निघून जाईल. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. शिबिराचा फोटो काढल्याशिवाय आपलं पोट भरत नाही, हा आपलाही एक आजारच.

आता मुख्य मुद्दा. या बायका महिन्यातून एकदा कुठेतरी येतातच. इंजेक्शनाला, गोळ्यांना, कधी तुमच्याकडे, कधी ग्रामीण रुग्णालयात, कधी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तालुक्याला येते त्या दिवशी. गावातल्या कुठल्याच बाईची हजेरी इतकी पक्की नसते. तिला शिबिराला बोलवण्याची गरजच नाही. तपासणी तिच्या गोळ्यांच्या दिवसाला बांधा. त्या दिवशी ती घरातून निघालेली असते, सोबत कुणी असतं, केंद्रातली माणसं ओळखीची असतात. आणि कापूस वेचणीचा हंगाम असो, अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) सण असो, कानबाईच्या सणाचा रविवार असो, गोळ्यांचा दिवस ती सहसा चुकवत नाही, कारण चुकवला की झोप जाते हे तिला माहीत असतं.

हे मला उशिरा सुचलं, आणि ज्या चुकीतून सुचलं ती सांगते. तपशील बदलले आहेत. एक बाई नऊ वर्षं माझ्याकडे महिन्याच्या इंजेक्शनाला येत होती. नऊ वर्षं म्हणजे शंभराच्या वर भेटी. दर वेळी पडदा ओढायचा, सिस्टर कमरेत इंजेक्शन देणार, मी विचारणार: झोप लागते का, आवाज येतात का, जेवण कसं आहे. एकदा तिची वहिनी म्हणाली, "मॅडम, हिचं पोलकं ओलं होतं हो." मी मान वर न करता सांगितलं, औषधामुळे दूध येतं, घाबरू नका. ते खोटं नव्हतं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन, अमिसल्प्राइड या औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, पाळी लांबते किंवा बंद होते, छातीतून दूध येतं. पण मी पोलकं बघितलं नाही. बघितलं असतं, तर डाग एकाच बाजूला होता आणि तांबूस होता, हे दिसलं असतं. औषधाचं दूध बहुधा दोन्ही बाजूंनी येतं, पांढरं किंवा पाणचट असतं. एकाच स्तनातून, आपोआप, रक्ताळलेलं काही येत असेल तर ते औषधाच्या खात्यावर टाकायचं नाही. चार महिन्यांनी गाठ हाताला लागली तेव्हा ती बगलेपर्यंत गेली होती. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली. ती आजही येते. पहिल्यांदा परत आली तेव्हा खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली, "मॅडम, तवय का बरं नही देखं?" तेव्हाच का नाही बघितलं?

तेव्हापासून माझ्या ओपीडीत झोप आणि आवाजांच्या प्रश्नांनंतर आणखी तीन प्रश्न असतात. तोंडात बरा न होणारा चट्टा किंवा व्रण आहे का? छातीत गाठ, खड्डा, स्राव? आणि पाळी सोडून मधेच, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त? एक मिनिट लागतं. तुम्हीही त्यांच्या गोळ्यांच्या कार्डावर मागच्या बाजूला 'तों, छा, पि' (तोंड, छाती, पिशवी म्हणजे गर्भाशय) अशी तीन अक्षरं लिहून ठेवा आणि तपासणी होईल तशी तारीख टाका. नोंद मोबाईलमध्ये असतेच, पण कार्ड तिच्या पिशवीत असतं आणि पुढच्या डॉक्टरलाही दिसतं.

त्या तीन अक्षरांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय. एकाच दिवशी सगळं उरकायचा मोह टाळा. पहिल्या महिन्यात फक्त तोंड. टॉर्च, हातमोजा, तीन मिनिटं. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि मानसिक आजारात तंबाखू जास्तच लागते. औषधांनी तोंड कोरडं पडतं, मग आणखी एक चिमूट. त्यामुळे तोंडाची तपासणी ही नुसती सुरुवात नाही, तिची स्वतःचीच गरज मोठी आहे. जीभ बाहेर, जीभ वर, गालांच्या आतली बाजू, खालच्या ओठाच्या मागची जागा जिथे मिशरी ठेवतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांवर राहिलेला व्रण, तोंड तीन बोटं उघडत नसेल, तर पुढे पाठवायचं. या तीन मिनिटांत तुम्ही तिला दाखवून देता, की ही बाई सांगून हात लावते आणि 'थांब' म्हटलं की थांबते.

दुसऱ्या महिन्यात छाती. मशीन लागत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ पासून मोठा प्रयोग केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्या हातून, दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत, स्तनांची हातानं आणि गर्भाशयमुखाची व्हिनेगर लावून (संशयाची जागा पांढरी दिसते) तपासणी करून घेतली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनाच्या बाबतीत वीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी निघाले. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्या अकरांतल्या पन्नाशीपुढच्या ज्या असतील, त्यांच्या छातीची तपासणी अजिबात टळू देऊ नका. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधं बरीच वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. हे वाचून कुणाच्या गोळ्या बंद करू नका. तपासणी न चुकवण्याचं आणखी एक कारण, एवढाच त्याचा उपयोग.

घरचे नेहमी म्हणतात, "नवऱ्यानं टाकलेली, लेकरू नाही, तिला कसला बायकांचा आजार?" हे उलटं आहे. मूल न झालेल्या, दूध न पाजलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता उलट जरा जास्त. औषधांनी वजन वाढलेलं असतं, तेही पाळी गेल्यानंतर धोक्यात भर घालतं.

तिसऱ्या महिन्यात पिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख. इथे घाई केलीत तर आधीच्या दोन महिन्यांची कमाई जाईल. आधी खोलीतून सासू, आई, जाऊ, सगळ्यांना बाहेर बसवा आणि तिला एकटीला विचारा, संबंध कधी आला होता का, आणि तो तिच्या मर्जीनं होता का. टाकलेल्या, बिनलग्नाच्या, रस्त्यानं भटकून आलेल्या बायकांबद्दल आपण गृहीत धरतो की तो प्रश्नच नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्या बायकांवर जबरदस्ती होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि हा कॅन्सर ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो तो लग्नपत्रिका बघत नाही. तिनं जबरदस्तीचं काही सांगितलं तर त्या दिवशी तपासणी नाही. त्या दिवशी ऐकायचं आणि पुढची मदत उभी करायची.

पाळी बंद आहे म्हणाली तर वय बघा. पस्तिसाव्या वर्षी पाळी गेली असेल तर ती बहुतेक औषधानं थांबलीय, म्हातारपणानं नाही. शंका असेल तर आधी लघवीवरची गरोदरपणाची तपासणी. खरंच पाळी गेलेल्या बाईत व्हिनेगरच्या तपासणीचा उपयोग कमी होतो, कारण जी रेघ बघायची ती आत सरकते. तिला एचपीव्हीच्या तपासणीसाठी वर पाठवता आलं तर बरं. आणि 'पिशवी काढलीय' असं म्हणाली तर कागद मागा. आपल्याकडे पिशव्या काढलेल्या बायका गावोगाव आहेत. तोंडासकट काढली असेल आणि कारण कॅन्सरचं नसेल तर ही तपासणी लागत नाही. छातीची आणि तोंडाची तरीही लागते.

आमच्या ओळखीच्या एका सिस्टरची पद्धत सांगते, मला तिच्याइतकी चांगली कुणाची वाटली नाही. ती आधी स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघण्यासाठी योनीत घालायचं साधन, बाईच्या हातात देते. उघड, बंद कर, बघ, धार नाही, सुई नाही. मग कोमट पाण्यात धरून पुन्हा तिच्या तळहातावर ठेवते, "गार लागतं का?" साडी सोडायला लावत नाही, नुसती वर घ्यायला सांगते, वरून चादर. टेबलाचं डोकं दाराकडे, पाय भिंतीकडे. दार उघडलं तरी कुणाला काही दिसत नाही. मग ती म्हणते, "तू हात वर केलास की मी थांबणार." आणि पहिल्यांदा मुद्दाम, काही करायच्या आधीच, तिला हात वर करायला लावून स्वतः दोन पावलं मागे सरकते. व्हिनेगरचं द्रावण लावल्यावर एक मिनिट थांबावं लागतं. तेवढ्यात ती अहिराणीत घरच्या म्हशीची चौकशी करते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईला अहिराणीही परकीच. तिथे पावरी-भिली बोलणारी आशाताई डोक्याशी उभी हवी. मी त्या सिस्टरला एकदा विचारलं, असा किती वेळ लागतो? म्हणाली, बारा मिनिटं. घाई केली तर चार मिनिटं आणि पुढच्या वेळी शून्य, कारण ती येतच नाही.

तिनं टेबलावरून उठून 'नको' म्हटलं तर नको. कार्डावर 'नकार' लिहू नका, 'आज नको' लिहा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आजार उसळलेला असताना, झोप नाही, बडबड चालू, मारझोड, अशा वेळी मुळीच विचारू नका. औषध बसू द्या. पण 'बरी झाली की बघू' यालाही अंत हवा. काही बायकांचे आवाज कधीच पूर्ण बंद होत नाहीत, आवाज ऐकू येत असतानाच त्या चुलीवर भाकरी थापतात, एसटीनं माहेरी जातात, आणि तपासणी म्हणजे काय हेही त्यांना समजतं. तुम्ही सांगितलेलं तिनं तिच्या शब्दांत परत सांगितलं, का करायचं आणि न केलं तर काय होऊ शकतं हे तिला उमगलं, की तिची संमती ही संमती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट म्हटलंय, की केवळ मानसिक आजार आहे म्हणून कुणाला अजाण ठरवता येत नाही, आणि कलम २१ प्रमाणे सगळ्या आरोग्यसेवांत तिला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. भाऊ 'नाही' म्हणाला म्हणून तिचं 'हो' रद्द होत नाही. तसंच भाऊ 'हो' म्हणाला म्हणून तिचं 'नाही' पुसलं जात नाही. पण भावाशी भांडू नका. त्याला नऊ-दहा वर्षं तिच्या पायी दवाखाने झालेत, 'आणखी एक आजार निघाला तर मी काय विकू' ही त्याच्या मनातली भीती आहे. त्याला आधीच सांगा, की कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. हे ऐकल्यावर बरेच भाऊ स्वतःच मोटारसायकलवर बसवून आणतात.

जाता जाता, तिशीपुढच्या माणसांच्या आजारांच्या धोक्याची नोंद करायला तुम्ही भरता त्या सीबॅक फॉर्मात शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. ते न विचारताच शून्य-शून्य लिहिले जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. विचारले तर तुमच्या अकराच्या यादीत आणखी नावं येतील. गोळ्या चालू असलेल्या अकरा म्हणजे ज्यांना निदान डॉक्टर तरी भेटला त्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला बहुतेक आजारांत शंभरातले सत्तरहून जास्त रुग्ण उपचाराबाहेर होते. त्यातल्या काही भगताकडे आहेत, काही 'स्वभावच तसा' या शब्दामागे.

तपासणीत काही निघालं तर खरं काम तिथून पुढे आहे. व्हिनेगरनं पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, हे तिला, आणि तिच्या परवानगीनं घरच्या एका माणसाला, त्याच दिवशी सांगा. डाग जाळण्याची सोय जिथे आहे तिथे ते त्याच भेटीत होऊ शकतं. आधी फोन करून विचारा, कारण या बाईला दोनदा बोलावणं परवडत नाही. नुसती चिठ्ठी हातात देऊन 'सिव्हिलला जा' म्हणू नका. तारीख, खोलीचा नंबर, सोबत कोण, कुठली एसटी. तिकीट बायकांना अर्धं आहे, पण सोबत भाऊ असेल तर त्याचं पूर्ण, आणि त्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

आणि चिठ्ठीवर नुसतं 'मनोरुग्ण' लिहू नका. तो एक शब्द वाचून वर एखादी खिडकी बंद होते: आधी मानसोपचारवाल्यांचं लिहून आणा. मी स्वतः चार ओळी लिहून देते: अमुक आजार, अमुक गोळ्या, गेले सहा महिने स्थिर, स्वतःची संमती देऊ शकते, शंका असल्यास मला फोन करा. गोळ्यांची नावं तर हवीतच. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल आणि पुढे स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन द्यायचं ठरलं, तर त्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात; बदलता येतात. मानसिक आजारावरचं लिथियम चालू असताना केमोतलं सिस्प्लॅटिन दिलं तर किडनीचा प्रश्न येतो, रक्तातलं लिथियम मोजत राहावं लागतं. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन आणि केमो दोन्ही पांढऱ्या पेशींवर घाला घालतात. यातलं काहीही उपचार नाकारण्याचं कारण नाही, दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्याचं कारण आहे. आणि मुंबईला दोन महिने धर्मशाळेत राहायचं तर मानसिक आजाराच्या गोळ्या दोन महिन्यांच्या सोबत द्या. कॅन्सरच्या धावपळीत त्याच पहिल्यांदा सुटतात, आणि मग रेडिएशन अर्धवट टाकून बाई भुसावळच्या गाडीत बसते. मधेच मन फारच बिघडलं तर घरच्यांकडे १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला असू द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

आता तुमची अकरावी, गाठवाली. तिची ही तपासणीची गोष्ट राहिलेली नाही. गाठ आहे म्हणजे निदान लवकर व्हायला हवं, तिच्यासाठी तोंड-छाती-पिशवी असा तीन महिन्यांचा क्रम चालणार नाही. पण धरून नाही. या आठवड्यात तिच्या घरी जा, युनिफॉर्म न घालता, रजिस्टर न घेता, आणि पहिल्या दिवशी गाठीचं नाव काढू नका. आईला विचारा, आंघोळ कोण घालतं, केस कोण विंचरतं. जिला ती केस विंचरू देते, ती बाई आपली. तिच्याकडून एवढंच कळू द्या, की गाठ हलते की चिकटलीय, कातडी ओढली गेलीय का, एकाच बाजूनं पाणी किंवा रक्त येतं का. दुसऱ्या भेटीत तिला स्वतःला विचारा, तिथे दुखतं का, कशाची भीती वाटते. मी अशा एकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, गाठ कुणीतरी करणी करून ठेवलीय, हात लावला तर फुटेल. तिच्याशी मी करणीवर वाद घातला नाही. म्हटलं, हात नको लावायला, वरून जेली लावून बघायचं मशीन आहे, तूच धर हवं तर. सोनोग्राफीचा प्रोब तिनं स्वतःच्या हातानं छातीवर धरला, रेडिओलॉजिस्टनं नुसतं तिचं मनगट वळवलं.

तिच्या गोळ्या कोण देतं, शेवटच्या कधी घेतल्या, हे मला कळवा. औषध सुटलं असेल तर आधी ते पुन्हा सुरू करू. महिनाभर वाट बघायची नाही, दहा-बारा दिवसांत निम्मं काम होतं. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी कुठल्या वारी असते ते बघून ठेवा, सकाळी नऊची नाही, बाराची वेळ घ्या. आणि त्या वेणीफणी करणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, तेही आधीच ठरवा.